हात न लागलेला खांब

"आणि तू? तू काय उचलतोस?"

वामनमास्तरांनी विचारलं ते खांबाला. उत्तर मात्र यशोधनने द्यायचं होतं.

मास्तरांच्या कार्यशाळेची ही जुनी रीत. शिष्याची इमारत उघडण्याआधी मास्तर अनवाणी आत जायचे. एकेका खांबापुढे उभे राहून प्रश्न करायचे. शिष्याने खांब होऊन बोलायचं.

"मी तुळई उचलतो," यशोधन म्हणाला आणि त्याने काळ्या दगडावर थाप मारली.

"तुळई काय उचलते?"

"छप्पर."

"आणि तुझं ओझं जातं कुठे?"

"पायाखालच्या कातळात."

मास्तरांनी मान हलवली आणि ते पुढे सरकले.

गावाचं नवं वाचनालय होतं ते. भिंती जांभ्याच्या, खांब काळ्या दगडाचे, तुळया सागाच्या. गिलावा नाही, रंग नाही, खोटं छत नाही. 'जे आहे तेच दिसतं आणि जे दिसतं तेच आहे,' असं यशोधन चार लोकांत सांगायचा. उद्या उद्घाटन होतं.

पण त्याचा जीव उद्यात नव्हता. तो रेवतीच्या खांद्यावरच्या पिशवीत होता. त्या पिशवीत मास्तरांचा, भिंत-खांब सरळ आहे का ते बघायचा, पितळी ओळंबा होता. मास्तरांची नजर आता अधू झाली होती. ओळंबा ज्याच्या हातात जाईल, कार्यशाळा त्याची. हे कुणी बोललं नव्हतं, पण सगळ्यांना ठाऊक होतं.

रेवतीही मास्तरांचीच शिष्या. आज ती का आली? हात धरायला, म्हणाली. नजर अधू झाली म्हणून काय, मास्तरांना हात धरायला माणूस कधीपासून लागायला लागला?

"काय रे," ती हळूच म्हणाली, "दगडाला घाम फुटलाय की तुला?"

"उकडतंय."

"खिडक्या तर मोठ्या ठेवल्यास."

ही सहज बोलली की हिला काही कळलंय? यशोधनने तिच्याकडे निरखून पाहिलं. ती छताकडे बघत होती. छताकडेच का?

पुढचा खांब. त्यापुढचा. प्रश्न तेच, उत्तरंही तीच. प्रत्येक वेळी यशोधनची थाप दगडावर पडत होती.

मग खिडकीजवळचा शेवटचा खांब आला.

यशोधन चटकन पुढे झाला. "मास्तर, आता वाचनाची खोली बघू. तिथला उजेड..."

मास्तर हलले नाहीत.

"तू काय उचलतोस?"

"मी... तुळई."

"आणि तुझं ओझं?"

बाहेर कुणीतरी खुर्च्या ओढत होतं. यशोधनला या बांधकामावरच्या मुकादमाची आठवण झाली. गेल्या आठवड्यात तो मास्तरांच्या गावी कशाला गेला होता? लग्नाला म्हणे! त्यानेच चुगली केली असणार. नाहीतर रेवतीने.

"कातळात," तो म्हणाला.

 मास्तरांनी रेवतीकडे हात केला. तिने पिशवीतून ओळंबा काढून दिला. मास्तरांनी तो यशोधनपुढे धरला.

 यशोधनने दोन्ही हात पुढे केले.

"लाव. सरळ आहे का बघ."

कोपऱ्यात दिवे बसवायची शिडी होती. यशोधनने ती खांबाला लावली आणि वर चढून दोरी धरली. ओळंबा झुलला, मग थांबला. दोरी आणि दगड यांच्यात वरून खालपर्यंत सारखंच अंतर.

"अगदी सरळ, मास्तर. केसाचाही फरक नाही."

"असणारच," मास्तर म्हणाले. "वाकायला डोक्यावर काही लागतं."

यशोधनने शिडीवरूनच खाली वळून पाहिलं.

"तुम्हाला कोणी सांगितलं? मुकादमाने ना?"

"नाही."

"मग हिने!"

"मी?" रेवती उसळली. "अरे, मला काय माहीत आहे सांगायला? आधी काय झालंय ते तरी बोल!"

"बाकीच्या सगळ्या खांबांना तू हात लावलास," मास्तर म्हणाले. "ह्याला नाही."

यशोधनच्या हातात दोरी होती. खाली उतरावं की वरच राहावं, त्याला कळेना.

"ह्याच्या खाली जुनी विहीर आहे," तो अखेर म्हणाला. "बुजवलेली. पाया खोदताना लागली. तिच्यावर भार टाकता येईना. मग तुळईच्या वर लोखंडी गर्डर घातला, कुणाला दिसू नये असा. छप्पर त्याच्यावर आहे. पण हा खांब नसला तर ही बाजू बोडकी दिसली असती... म्हणून उभा केला. नुसता. वर फट राहिली, ती सागाच्या पट्टीने झाकली."

"तू काय उचलतोस?" मास्तरांनी पुन्हा विचारलं. आवाज तोच होता.

यशोधनने पहिल्यांदा त्या दगडावर हात ठेवला. दगड गार होता.

"मी काहीच उचलत नाही, मास्तर."



"पट्टी काढ."

"मास्तर, उद्या लोक..."

"काढ."

पट्टी खिळ्यांसकट निघून आली. खांब आणि तुळई यांच्यामध्ये बोटभर फट उघडी पडली. खिडकीतलं ऊन तिच्यातून सरळ पलीकडच्या भिंतीवर गेलं.

यशोधन खाली उतरला. एका हातात पट्टी, दुसऱ्यात ओळंबा.

"खांब पाडू का? संध्याकाळपर्यंत काढून टाकतो."

"कशाला? त्याने काय केलंय?"

मास्तर गुडघ्यावर हात टेकत खाली बसले. त्याच खांबाला त्यांनी पाठ टेकली आणि पाय लांब केले.

"उद्या सगळे विचारतील," यशोधन म्हणाला. "फट का आहे, वर लोखंड का आहे."

"विचारतील."

"सगळ्यांसमोर मलाच सांगावं लागेल."

"हं."

 ह्यात अजून काही डाव आहे का, हे यशोधन मास्तरांच्या चेहऱ्यावर शोधत होता. तिथे काहीच नव्हतं. म्हातारा दमलेला होता, एवढंच.

त्याने दोरी नीट गुंडाळली आणि ओळंबा मास्तरांपुढे धरला.

"घ्या, मास्तर. हा रेवतीला द्या."

मास्तरांनी हात पुढे केला नाही.

"जड लागतोय?"

"हो."

"मग तुझ्याकडेच राहू दे."