पिंगी कुणाकडे ठेवायची?

लेकीच्या बाळंतपणाला निघालेल्या सगुणाबाईंनी आपली म्हातारी, आंधळी मांजर पिंगी रखमा कुंभारणीकडे ठेवायचं ठरवलं. हातानं घास भरवला नाही, तर पिंगी उपाशीच राहायची.

हे कळताच इनामदार भर दुपारी रखमाच्या घरासमोरच्या पारावर सर्वांदेखत गरजले, "आमच्याकडे नोकरचाकर, दूधदुभतं! आम्हाला सोडून या कुंभारणीवर विश्वास? हा सल्ला दिला तरी कुणी?"

सगुणाबाई शांतपणे म्हणाल्या, "तुमच्या खंड्यानं, सरकार."

"आमच्या कुत्र्यानं?"

"होय. घरी एवढं दूधदुभतं असून तो रोज या वेळी रखमाच्याच दारात भाकरीची वाट बघत बसतो."

इनामदारांनी चिडून खंड्याला हाक मारली. रखमाच्या उंबऱ्यापाशी बसलेल्या खंड्यानं नुसती शेपटी हलवली. तो जागचा उठला नाही.