ओलं सारवण

"पण ती होडी गेली, तर या घरात राहिलं काय, दाजी?"

दाजी मास्तर खांबाला टेकून बसले होते. हरिश्चंद्र त्यांच्यापुढे येरझारा घालत होता.

समोर दारात दोरी बांधलेली खोली. नावाजलेले चित्रकार रघुवीर मेस्त्री याच खोलीत राहिले, इथेच गेले. नवं चित्र मनात आलं की ते स्वतः शेणाने जमीन सारवत. गाव हसे. मग त्या ओल्यात ते बोटाने रेघा ओढत. पुढल्या सारवणात त्या पुसून जात. शेवटची काढलेली होडी तेवढी राहिली होती.

त्यांचा शिष्य हरिश्चंद्र गवस याने ते गेल्यापासून आत कुणाला पाऊल टाकू दिलं नव्हतं. सारवणही बंद. आणि आता जमिनीचे पोपडे निघत होते. वारा आला की होडीचा चिमूटभर भुगा उडे, आणि हरिश्चंद्र दार लोटायला धावे.

म्हणून तो दाजींना घेऊन आला होता. रघुवीरच्या हाती पहिला कुंचला दिला तो दाजींनीच.

"उद्या मुंबईहून माणूस येतोय. वरून रसायन ओततो म्हणाला. काचेसारखं घट्ट बसेल. तुम्ही फक्त हो म्हणा."

"बस जरा. अंड्यावर आलेल्या कोंबडीसारखा काय फिरतोस?"

तो बसला. लगेच उठला.

"हल्ली काय काढतोस?"

"वेळ कुठे, दाजी? घर राखतोय ना."

"हं..."

दाजींनी बाह्या वर सारल्या.

"शेण आण."

"काय?"

"शेण. का तेही मुंबईहून येणार?"

कडेच्या भेगा लिंपतील, असं समजून त्याने बादली आणली. दाजींनी दोरी सोडली, गुडघे मोडून बसले आणि कोपऱ्यापासून सारवत आले. होडीपाशी थांबले. बादली त्याच्याकडे सरकवली.

"पुढचं तू."

"मी? दाजी, ही त्यांची शेवटची..."

"माझा हात दुखला, बाळा."

हरिश्चंद्राने हात बुडवला. तसाच धरून राहिला. दारातून वारा आला आणि होडीचं टोक त्याच्या डोळ्यांदेखत उडालं...

त्याने हात फिरवला. एकदा. पुन्हा.

होडी गेली.

त्याने मनगटाने डोळे पुसले. गालाला शेण लागलं.

"आता लोकांना दाखवू काय, दाजी?"

दाजींनी त्याच्या बोटांकडे, मग जमिनीकडे पाहिलं.

"मला काय विचारतोस? सारवण सुकत आलं."