तोफेच्या कानात खिळा

"…तर मग दगा कोणाचा, बावा?"

घोणसगडाचे किल्लेदार हैबतराव शेलूकर टाक्याच्या काठावर उभे होते. अंगरख्यावर तोफेच्या दारूची काजळी तशीच होती. सकाळच्या लढाईपासून त्यांनी पाण्याचा घोटही घेतला नव्हता.

अलोणीबावा हे त्यांचे गुरू. मीठ सोडलेलं, म्हणून अलोणी. टाक्याशेजारच्या गुहेत राहत आणि विचारल्याशिवाय बोलत नसत. विचारल्यावरही बोलतीलच असं नाही.



मग हैबतरावच बोलत सुटले. गडावर तोफा तीन. एक फिरंग्यांकडून, म्हणजे पोर्तुगीजांकडून घेतलेली, एक इंग्रजांकडून, एक वलंदेजांकडून, म्हणजे डचांकडून. असा थाट आसपासच्या मुलखात कोणाकडे नव्हता आणि हैबतराव तो चारचौघांत सांगायला कधी चुकत नसत. पण सकाळी गनीम दरवाजाकडे चालून आला आणि त्या थाटाची पार शोभा झाली. इंग्रजी तोफेत फिरंगी गोळा गेला. तो इतका लहान, की तोफ नुसती धूर ओकली आणि गोळा बुरुजाच्या पायथ्याशी घरंगळत गेला. खालून गनीम हसला. ते हसणं किल्लेदारांच्या कानातून अजून जात नव्हतं.

वलंदेजी तोफेला गोळा मोठा पडला. कानस मारून तो आत दडपला. तो अडकला आणि तोफच फुटली.

"तिथं कोण होतं…" बावांनी विचारलं.

"गोलंदाज होते. गेले." हैबतराव घाईनं पुढं म्हणाले, "पण तोफ गेली, बावा. तसलं ओतकाम पुन्हा मिळायचं नाही."

"गेले ते ठाऊक आहे. सरणाला लाकडं माझीच होती."

हैबतराव दारूगोळा सांभाळणाऱ्या कोठीवाल्यावर घसरले. गोळे उलटसुलट दिले ते त्यानंच, गनिमाचं खाल्लंय त्यानं, आज त्याचा कडेलोट करतो, असं बरंच काही.

"गोळ्यांवर खुणा नव्हत्या?"

"होत्या. चुन्याचे पट्टे. फिरंगी गोळ्याला एक, इंग्रजीला दोन, वलंदेजीला तीन."

"मग कोठीवाल्याला दिसल्या नाहीत?"

"दसऱ्याला शस्त्रांची पूजा झाली. तेव्हा सगळ्या गोळ्यांना शेंदूर फासला… एकाच राशीत रचले."

"कोणाच्या हुकमानं?"

हुकूम हैबतरावांचाच होता. ती लालभडक रास पाहुण्यांना दाखवायला ते स्वतः कोठारापर्यंत गेले होते. कोठीवाला तेव्हा काहीतरी पुटपुटला होता. त्याला त्यांनी सर्वांदेखत झापलं होतं.

हैबतराव काठावरच्या दगडावर बसले.

मग म्हणाले, "पण शिकवण तुमचीच होती, बावा. भिक्षा एकाच दारात मागू नये, माणूस मिंधा होतो. म्हणून मी तिघांकडून घेतलं. तिघांतल्या कोणाचाच मिंधा झालो नाही."

"माझं पोट एकच आहे, हैबती. तुझ्या तोफांची तीन."

गुरूंच्या उत्तरावर शिष्यानं मान हलवली खरी, पण गर्व एवढ्यानं थोडाच उतरतो. उद्या गनीम पुन्हा येणार, हे गडावर सगळ्यांना ठाऊक होतं. हैबतराव उद्याचा बेत सांगू लागले. फिरंगी तोफेचे गोळे मुबलक आहेत. इंग्रजीचे संपत आलेत, जहाज काही एवढ्यात येत नाही. तरी तिला बसवून ठेवायची नाही. फिरंगी गोळ्यांनाच चिंध्या गुंडाळून तिच्यात घालायचे. अडकले तर अडकले. अशी नामी तोफ गप्प राहिली तर लोक काय म्हणतील?

बावा उठले.

वाटेत लोहाराच्या भात्यापाशी त्यांनी हातोडी उचलली, एक जाड खिळा उचलला. हैबतराव मागोमाग चालले. बावा बुरुजाच्या पायऱ्या चढले ते थेट इंग्रजी तोफेपाशी.

तिथं एक गोलंदाज मांडी घालून बसला होता. उद्यासाठी गोळ्यांना चिंध्या गुंडाळत होता. त्यानं मान वर केली नाही.

बत्ती देण्याचं जे भोक असतं, त्याला तोफेचा कान म्हणतात. बावांनी त्या कानात खिळा धरला आणि हातोडी मारली. पुन्हा मारली. खिळा मुळापर्यंत गेला.

कानात खिळा गेला की तोफ मेली. गड सोडून पळताना, तोफ शत्रूच्या कामी येऊ नये म्हणून करायचं काम ते. आणि ते भर दुपारी, स्वतःच्या गडावर, स्वतःच्या गुरूनं केलं होतं.

तलवार कधी उपसली ते हैबतरावांना कळलंही नाही. पातं बावांच्या मानेशी टेकलं होतं.

"माझी सगळ्यांत चांगली तोफ होती, बावा."

"उद्या तुझा जानराव कुठल्या तोफेवर?"

जानराव म्हणजे किल्लेदारांचा पाठचा भाऊ. आईबाप गेल्यावर हैबतरावांनीच अंगाखांद्यावर खेळवून वाढवलेला.

"फिरंगी," उत्तर ताडकन आलं.

"ही सगळ्यांत चांगली होती ना. मग हिच्यावर का नाही?"

"फिरंगी तोफेला तिचेच गोळे आहेत. ती काही फुट…"



जानरावाची नेमणूक त्यांनी चिता पेटायच्या आधीच करून टाकली होती, फार विचार न करता. त्यात विचार करण्यासारखं काही वाटलंच नव्हतं. म्हणजे उद्या कुठली तोफ फुटणार, हे आपल्याला सकाळपासून ठाऊक होतं तर… आणि तरीही तिच्यावर माणसं नेमली. हैबतरावांना स्वतःचीच भीती वाटली.

तलवार खाली आली.

गोलंदाजाचे हात थांबले होते. आता त्यानं मान वर केली. हैबतरावांनी त्याच्याकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. त्याचं नाव त्यांना आठवेना. मुळात ते कधी विचारलंच नव्हतं.

बावांनी हातोडी खाली ठेवली.

"ह्यालाही पाठचा भाऊ होता, हैबती… आज सकाळपर्यंत."