दाराजवळची काठी

“पण त्या हॉटेलात लोक एकदाच का येतात, बाई? परत का येत नाहीत?”

कौस्तुभने पुन्हा तेच विचारलं. कुमुदिनीबाईंनी त्याला कला महाविद्यालयात शिकवलं होतं. निवृत्तीनंतर त्या वाईत एकट्याच राहत. एवढं विचारायला तो पुण्याहून आला होता, आणि आल्यापासून एका जागी म्हणून बसला नव्हता.

“त्या हॉटेलचं सगळं मी केलं. पाटीवरचं अक्षर, मेनू, खुर्च्या, दिवे, वेटरचे कपडेसुद्धा! यासाठीच तर नोकरी सोडून डिझाइनचा स्टुडिओ काढला. मालक म्हणाला, फार सुंदर. आणि दुसऱ्या हॉटेलचं काम दिलं भलत्यालाच!”

“का, ते विचारलंस?”

“त्याला काय विचारायचं? त्याला काय कळतंय त्यातलं?”

भिंतीवरचं घड्याळ तिरकं होतं. बोलता बोलता त्याने ते सरळ केलं.

“अरे, बस ना बाबा जरा,” बाई वैतागल्या.

तो बसला नाही. लॅपटॉप उघडून त्याने त्यांच्या मांडीवर ठेवला. बाईंनी त्यावरून हात फिरवला आणि झाकण मिटलं.

कौस्तुभला ते फार लागलं. न बघताच...

“एकच काम उरलंय,” तो म्हणाला. “तेही गेलं की स्टुडिओला कुलूप. मग आहेच दादाचं टाइल्सचं दुकान. बसतो तिथे, बाथरूमचे रंग दाखवत.”

त्याचा आवाज चिरकला. खरंच घाबरला होता बिचारा. पण हात काही स्वस्थ नव्हते. स्टूल खिडकीशी गेलं. दाराच्या चौकटीला टेकवलेली जुनी काठी कपाटामागे गेली.

आत फस्सकन आवाज झाला.

“दूध!”

बाई ताडकन उठल्या. त्यांचा उजवा हात चौकटीकडे गेला. वर गेला, खाली आला, भिंतीवरून सरकत राहिला.

कौस्तुभ धावला. गॅस बंद केला. ओटाभर दूध झालं होतं. तो परत आला तेव्हा बाई तिथेच उभ्या होत्या.

“काठी शोधताय का? मी कपाटामागे ठेवली. दारात अगदीच वाईट दिसत होती...”

तो मध्येच थांबला. बाईंचे डोळे त्याच्याकडे वळले होते, पण त्याच्यावर नव्हते. जरा बाजूला, कुठेतरी.

“बाई... तुम्हाला दिसत नाही?”

“वर्ष होत आलं.”

“मग मला सांगितलं का नाहीत?”

आतून करपलेल्या दुधाचा वास येत होता.

मग काठीच्या रिकाम्या जागी भिंतीवर तळवा टेकवून बाईंनी विचारलं,

“आता छान दिसतंय ना रे?”