झीलतळ्याची उशिराची झील

पाटीवर ‘झीलतळे’ वाचून तुमच्यातलं कोणीतरी हसलं, ते मला ऐकू आलं. तळ्याला तळं म्हणायचं ते दोनदा कशाला, असंच ना? हसा, इथे येणारा प्रत्येक जण हसतो. पण ती हिंदीतली झील. आमची झील वेगळी. पुढच्याने ओळ म्हटली की मागचे ती उचलून धरतात, सूर लांबवतात, ती झील. तुम्ही सगळे वृंदात गाणारे, तुम्हाला मी ती काय सांगावी? बसा या उंबराच्या पारावर, चढून दमलाय. समोर पाणी, पलीकडे काळा कडा, आणि पाठीशी उंबरजाईचं देऊळ. मी तिथला गुरव. गोष्ट माझी नाही, आजोबांकडून आलेली आहे.

फार पूर्वी खालच्या खोऱ्यात दोघी बहिणी राहत, असं सांगतात. थोरली येसू, धाकटी गौरा. देवीच्या जागराला, लग्नकार्याला त्यांचा बायकांचा मेळा गायचा. येसू पुढे उभी राहायची. तिचा आवाज असा, की माणसं हातातलं काम टाकून ऐकायला येत. गौरा मागे, झील धरायला. आणि ती हमखास मागे पडायची. बाकीच्या बायका ओळ उचलून मोकळ्या झाल्या, की मग हिची झील येणार, एकटीची. येसूच्या कपाळाला आठी पडायची. चारचौघींत ती धाकटीला फैलावर घ्यायची. गौरा म्हणे एवढंच म्हणायची, “आक्के, तुजी वळ सरू तर दे. ऐकल्याबिगर कशी म्हनू?”

एका वर्षी येसूला ताप आला. ताप उतरला, पण आवाज गेला तो परत येईना. गौराने उंबरजाईला नवस बोलला, की आक्काचा आवाज परत दे, आम्ही दोघी डोंगर चढून तुझ्या तळ्याकाठी गाऊ. देवीने ऐकलं. आवाज आला, पहिल्यापेक्षाही गोड आला. पावसाळा सरला की नवस फेडायचं ठरलं होतं. पण त्याच पावसाळ्यात साध्याशा दुखण्याचं निमित्त होऊन गौरा गेली.

आता मेळ्याची झील अगदी वेळेवर येऊ लागली. जे येसूला इतकी वर्षं हवं होतं ते मिळालं, आणि तेच तिला ऐकवेना. तिने गाणं सोडलं. पण नवसाचं काय? तो दोघींचा होता. एकटीने फेडला तर फिटेल का, हे कोणालाच सांगता येईना. येसूला घास गोड लागेना, की डोळ्याला डोळा लागेना. शेवटी मेळ्यातल्या बायकांनीच तिला धरून वर आणलं.

उन्हं उतरली होती. ती खाली दगडाची पायरी दिसते ना, तिथे ती उभी राहिली आणि तिने पहिली ओळ घेतली, “काठाशी आले आई, पदर धर गं.” पुढची ओळ तिला घेववेना. तिची ती अवस्था बघून मागच्या बायका झील धरायच्या विसरल्या. आणि मग पाण्यापलीकडून, खूप उशिरा, एकटीच झील आली: “पदर धर गं.”

तुम्ही म्हणाल, कड्यावर आपटून आवाज उलटला. उलटला असेल. आमच्या आजोबांनाही ते कळत होतं. येसूच्या आधी काय इथे कोणी गायलं नव्हतं? पण ओळीमागून ओळ म्हणायची घाई, थांबतंय कोण? येसू थांबली, म्हणून ऐकू आलं. तिला मात्र कड्याशी काही देणंघेणं नव्हतं. मागे पडलेली ती झील तिने ओळखली. ती पोटभर रडली आणि पाण्याकडे तोंड करून म्हणाली, “सावकाश ये गौरे. मी थांबते.”

मग तिने नवसाचं गाणं शेवटापर्यंत म्हटलं, एकेक ओळ म्हणून थांबत. नवस दोघींनी फेडला. डोंगर उतरताना येसूचं मन या पाण्यासारखं निवळलं होतं, असं सांगतात. पुढे ती पुन्हा मेळ्यात गायला लागली. मागे पडली म्हणून तिने परत कोणाला बोल लावला नाही.

आजही इथे गाणाऱ्याने तीच रीत पाळायची असते. ओळ झाली की कडा बोलेपर्यंत पुढची ओळ घ्यायची नाही. आणि गाण्याआधी, जो पुढे उभा राहतो त्याने मागे वळायचं, आपल्या माणसांकडे बघायचं आणि म्हणायचं, “सावकाश या, मी थांबतो.”

बाई, वृंदाच्या पुढे तुम्हीच उभ्या राहता ना? गाडीतून उतरल्यापासून तुम्ही आणि त्या निळ्या शालीतल्या ताई एकमेकींशी अक्षर बोललेल्या नाहीत. का, ते मी विचारणार नाही. त्या मागच्या रांगेत आहेत, झीलकऱ्याच्याच जागी.

वारा पडलाय, पाणी शांत आहे. चला, उतरा त्या पायरीवर. सूर नंतर लावा, आधी मागे वळा.