वेशीवरचा सुधारलेला पोपट

फार फार जुन्या काळी एका राज्यात गावांच्या वेशी पोपटांच्या शब्दावर उघडत. पहारेकरी लाच खातो, पोपट फक्त पेरू खातो, असा त्यामागे साधा विचार होता. ओळखीचा माणूस आला की पोपट त्याचे नाव पुकारी आणि पहारेकरी अडसर काढी. पोपटाच्या शब्दाविना वेस उघडणाऱ्याला थेट बंदिखाना.

तटबंदीच्या अशाच एका गावात केरोपंत हे वेशीवरचे कारकून होते. त्यांचा पोपट चांगला होता. दुःख एकच, त्याला अधूनमधून सुधारले जाई.

राजधानीत एक शुकपंडित होते. नीट चाललेली गोष्ट त्यांना पाहवत नसे. दर अमावास्येला त्यांचा माणूस गावोगाव फिरे, पिंजऱ्यावर हिरवे कापड टाकी आणि पोपटाला नवा पाठ देई. पाठ संपेपर्यंत वेस बंद. बाहेर गुरे हंबरत, भाजीवाल्यांची मेथी माना टाकी. कापड निघाले की पोपट एखादा नवा श्लोक म्हणे आणि गावच्या पाटलालाच ओळखेनासा होई. केरोपंत तक्रार धाडत. राजधानीहून उत्तर ठरलेले असे: "पिंजरा झाकावा व पुन्हा उघडावा."

अशीच एक अमावास्या झाली आणि दुसऱ्या दिवशी भर दुपारी केरोपंतांच्या लेकीला कळा सुरू झाल्या. मूल आडवे होते. ते फिरवणारा हात पंचक्रोशीत एकच, म्हाळसा सुईणीचा, आणि ती राहायची वेशीबाहेरच्या वाडीत. निरोप मिळताच म्हातारी धावत आली.

पोपट म्हणाला, "सुस्वागतम्. आपली ओळख सांगावी."

"म्हाळसा."

"ओळख पटली नाही. पुन्हा सांगावी."

"अरे मुडद्या, या वेशीतली निम्मी माणसं माझ्या हातावर जन्मली. पिलू होतास तेव्हा तुला डाळिंबाचे दाणे कोणी भरवले?"

"ओळख पटली नाही," असे म्हणून पोपट पंखात मान खुपसून झोपी गेला. ओळख न पटल्यास सकाळपर्यंत झोपावे, हीच तर या अमावास्येची सुधारणा होती.

केरोपंतांनी पिंजरा झाकला, उघडला. पुन्हा झाकला, पुन्हा उघडला. पोपट घोरू लागला. त्यांनी पहारेकऱ्यापुढे हात जोडले, पण त्यालाही लेकरे होती आणि बंदिखाना त्याने एकदा आतून पाहिलेला होता. लेकीचे ओरडणे वेशीपर्यंत ऐकू येत होते. मग ते ऐकू येईनासे झाले.

जन्मभर नियमाबाहेर पाऊल न टाकलेले केरोपंत तेव्हा विहिरीचा दोर आणि गवताची मोठी पाटी घेऊन तटावर चढले. शेजारी मदतीला धावले. म्हाळसा पाटीत बसून वर आली ती पोपटाचा, पंडितांचा आणि पंडितांच्या सात पिढ्यांचा उद्धार करीतच. दिवस मावळायच्या आत नात रडली आणि लेक वाचली.

तक्रारी राजधानीला पोचायला महिने लागत. नियमभंगाची वार्ता मात्र लगेच पोचली. केरोपंतांना शिक्षा द्यायला खुद्द शुकपंडित पालखीतून आले.

"सुस्वागतम्," पोपट म्हणाला. "आपली ओळख सांगावी."

पंडितांनी नाव सांगितले, मग पदव्या सांगितल्या, मग आपणच त्याचे गुरू असल्याचे सांगितले. पोपटाला काहीच पटले नाही. तो झोपला. ऊन चढले, भोई झाडाखाली पांगले. शेवटी पंडितांनी तटावर उभ्या असलेल्या केरोपंतांना ती पाटी खाली सोडायला फर्मावले.

केरोपंतांनी आवाज चढवला नाही. "पाटी नियमात बसत नाही, पंडितजी. तिच्यापायीच तर आपण मला शिक्षा द्यायला आलात. आम्ही पिंजरा झाकतो आणि पुन्हा उघडतो. आपण वाट पाहावी. आत माझी लेक मरत होती, तेव्हा मीही तेच केलं."

पंडितांनी वेशीबाहेर डास मारत रात्र काढली. हकीकत राजाच्या कानी गेली. त्याने केरोपंतांना माफी दिली आणि हुकूम काढला: नवा पाठ आधी पंडितांच्या घरच्या दारावरील पोपटाला द्यावा, आणि पंडित महिनाभर त्या दारातून रोज जेवायला आत जाऊ शकले, तरच तो गावोगाव न्यावा. त्यानंतर त्या राज्यात फारशा सुधारणा झाल्या नाहीत. वेशी मात्र उघडू लागल्या.

तात्पर्य: ज्याला स्वतःच्या सुधारणेच्या दारातून कधी जावे लागत नाही, त्याच्या हाती लोकांच्या दाराचा अडसर देऊ नये.