बीळ कुठलं?

डोंगर अजून कुणाच्या नावावर झाले नव्हते, त्या काळची ही गोष्ट. दर उन्हाळ्यात वणवा लागे आणि धुराने लहान, म्हातारी जनावरे खोकून मरत. म्हणून वनसभेने विद्वान साळिंदरआजोबांवर नियम करण्याचे काम सोपवले. त्यांनी चार उन्हाळे विचार केला, लिहिलेले सात वेळा खोडले आणि अखेर एकच नियम ठेवला : ‘धूर दिसताच प्रत्येकाने आपल्या बिळात जावे व बिळाच्या तोंडाशी ओला पाला लावावा.’ ससा, मुंगूस, खोकड, ज्यांना ज्यांना विचारले त्या सर्वांनी माना डोलावल्या.

पाचव्या उन्हाळ्यात धूर आला. आजोबा पाला लावून आत बसले, तोच बाहेरून भेकरीचा आवाज आला.

“आजोबा, नियम आम्हालाही पाठ आहे. फक्त बीळ कुठलं, तेवढं सांगा.”

“म्हणजे?”

“आम्ही झुडपाखाली निजणारे. माझ्या पाडसाला श्वास पुरेना झालाय.”

आजोबांना आता उमगले. विचारायला ते फक्त बिळाबिळांशी गेले होते. चालणेही तेवढेच झेपत होते.

“काहीतरी राहिलंय, अशी शंका होती मला,” ते पुटपुटले.

“मग विचारायचं होतं की,” भेकरी थकून म्हणाली.

बीळ अरुंद होते, आजोबांच्या काट्यांशेजारी पाडस मावले नसते. ते बाहेर आले, पाडसाला आत सारले आणि पाला बाहेरून नीट लावला. मग भेकरीशेजारी धुरात बसून, खोकत खोकत त्यांनी विचारले, “झुडपाखाली निजणारे आणखी कोण कोण आहेत?”